वेबसाइटचं काम : पूर्ण ठेका द्यावा की फक्त मशवरा घ्यावा?

दुकान, कॅटरिंग, टूर्स, दवाखाना, शाळा, आंब्याचा धंदा, काहीही असो. वेबसाइट सुरू झाली की काही दिवसांतच फोन यायला लागतात. ‘तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, महिन्याला एवढे एवढे भरा.’ दुसरा कोणी सांगतो, ‘काम तुम्हीच करा, मी फक्त काय करायचं ते सांगतो, माझी फी तेवढीच.’ पहिला पूर्ण ठेका घेणारा, दुसरा फक्त मशवरा देणारा. दोघेही ज्या कामाबद्दल बोलतात त्याला एसईओ म्हणतात, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन.

आपल्या समाजात बरेचसे धंदे घरचे असतात. अब्बांनी सुरू केलेला, भावांनी वाढवलेला, आणि आता मुलं-मुली मोबाइलवर सांभाळत असलेला. अशा धंद्यात महिन्याला पंधरा-वीस हजार रुपये ही काही लहान रक्कम नाही. ते कुणाच्या हाती द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि बदल्यात नेमकं काय मिळणार, हे आधी समजून घेतलं तर पुढचा पस्तावा टळतो.

एसईओ म्हणजे नेमकं कोणतं काम?

गुगलचं काम साधारण तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचा प्रोग्रॅम वेबसाइटची पानं फिरून बघतो. मग त्या पानांची नोंद आपल्या यादीत ठेवतो. आणि कोणी काही शोधलं की त्या यादीतून त्याला योग्य वाटणारी पानं वर दाखवतो. एसईओ म्हणजे या तिन्ही टप्प्यांत आपली वेबसाइट कुठे अडकू नये याची मेहनत. यासाठी गुगलला पैसे द्यावे लागत नाहीत. पैसे देऊन वर दिसतात त्या जाहिराती, त्यांचा हिशोब वेगळा. हा फरक लक्षात ठेवा, कारण काही जण दोन्हींचे पैसे एकाच बिलात घालतात आणि कशाचा फायदा झाला ते कळतच नाही.

मेहनतीचे चार भाग पडतात.

पहिला तांत्रिक. वेबसाइट मोबाइलवर लवकर उघडते का, पानांची नावं नीट दिली आहेत का, तुटलेल्या लिंक आहेत का, गुगलला पान वाचायला अडथळा आहे का.

दुसरा मजकुराचा. ग्राहक जे विचारतो त्याचं उत्तर वेबसाइटवर आहे का. कॅटरिंगवाल्याच्या वेबसाइटवर फक्त ‘आम्ही उत्तम सेवा देतो’ एवढंच लिहिलं असेल आणि किती माणसांपासून ऑर्डर घेता, कुठपर्यंत जाता, भांडी आणि वाढपी तुमचे की पार्टीचे, हे काहीच नसेल, तर गुगलने तरी काय दाखवावं?

तिसरा भाग पतीचा. इतर चांगल्या वेबसाइट तुमचा उल्लेख करतात का, तुमच्याकडे लिंक देतात का.

चौथा स्थानिक. गुगल मॅपवर दुकान नीट नोंदवलं आहे का, वेळ, फोन, फोटो बरोबर आहेत का, ग्राहकांचे रिव्ह्यू आहेत का.

पूर्ण ठेका घेणारी एजन्सी हे चारही भाग स्वतः करते. मशवरा देणारा वेबसाइट तपासतो, काय बिघडलं आहे त्याची यादी करतो, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर ते सांगतो आणि ठरलेल्या वेळी पुन्हा बघतो. हात मात्र तुमचेच लागतात.

आधी विचारा, याची गरज आहे का?

तुमचे सगळे ग्राहक दोन-चार मोहल्ल्यांतलेच असतील, म्हणजे बेकरी, मटणाचं दुकान, शिवणकाम, गॅरेज, तर बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. गुगलवर धंद्याची नोंद फुकट होते. तिला बिझनेस प्रोफाइल म्हणतात. मॅपवर कोण वर दिसणार हे गुगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवतं : शोधणाऱ्याला जे हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे. पैसे देऊन मॅपच्या साध्या यादीत वरचा नंबर घेता येत नाही, हे गुगलने स्वतः सांगितलं आहे.

म्हणून आधी ही नोंद नीट करा. पाटीवर आहे तेच नाव टाका. नावापुढे ‘बेस्ट बिर्याणी मुंब्रा नंबर वन’ असलं काही जोडणं नियमात बसत नाही आणि त्यावरून नोंद बंद पडू शकते. प्रकार बरोबर निवडा. शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद असेल, रमजानमध्ये वेळ बदलत असेल, तर तसं टाका. खरे फोटो लावा. एका दुपारचं काम आहे, घरातलं कॉलेजला जाणारं कोणीही करू शकतं. हे करूनही ग्राहक लांबून आणायचे असतील, तरच पुढचा प्रश्न येतो.

खरा प्रश्न : हात कुणाचे?

मशवरा स्वस्त आणि ठेका महाग, असं वरवर दिसतं. पण मशवऱ्याचा फायदा तेव्हाच होतो जेव्हा सांगितलेलं काम कोणीतरी करतं. एक हिशोब मांडून बघू. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, बाजारात दर कमी-जास्त असतात.

समजा एजन्सी महिन्याला २०,००० रुपये घेते. वर्षाचे झाले २,४०,०००. दुसरीकडे सल्लागार सुरुवातीच्या तपासणीचे ३५,००० घेतो आणि वर्षभरात आठ बैठका, प्रत्येकी ५,००० प्रमाणे ४०,०००. मिळून ७५,०००. तांत्रिक दुरुस्त्यांसाठी वेबसाइट बनवणाऱ्याला १५,००० दिले. राहिलं लिखाण, फोटो, अपडेट. त्यासाठी घरातल्या कोणीतरी आठवड्याला आठ तास, वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे ४०० तास द्यायचे. त्या तासाची किंमत १५० रुपये धरली तर ६०,०००. सगळं मिळून १,५०,०००. (दोन्हींत जीएसटी धरलेला नाही. समोरचा नोंदणीकृत असेल तर १८ टक्के वर लागतो.)

बरेच लोक ते ४०० तास धरतच नाहीत. घरचं माणूस म्हणून त्याच्या वेळेला किंमत लावली जात नाही. मग काय होतं? सल्लागाराची चाळीस पानांची फाइल येते. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो. नंतर लग्नाचा सीझन सुरू होतो, माल उतरवायचा असतो, कोणीतरी आजारी पडतं, आणि फाइल मोबाइलमध्ये तशीच पडून राहते. म्हणजे ७५,००० गेले आणि वेबसाइट होती तिथेच. अशा घरासाठी महागडा वाटणारा ठेका खरं तर स्वस्त पडला असता.

याच्या उलटही होतं. घरात बी.कॉम. किंवा बी.एससी. झालेली मुलगी किंवा सून असते, लिहायला-वाचायला हुशार, धंद्याची सगळी माहिती तिला असते. घरूनच काम करायची तिची इच्छा असते. अशा घरात मशवरा घेणं म्हणजे नुसतं काम करून घेणं नाही, हुनर शिकणं आहे. वर्षभराने सल्लागार गेला तरी हुनर घरात राहतो. पण तिला हे काम द्यायचं तर काम म्हणूनच द्या. वेळ ठरवा, मोबदला ठरवा आणि वेबसाइटवर काय बदलायचं याचा अधिकारही द्या. प्रत्येक फोटोसाठी चार जणांची परवानगी लागत असेल तर काही होणार नाही.

तीन धंदे, तीन उत्तरं

पहिला : रत्नागिरीचा हापूसवाला. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी ते आहे. घरपोच पेट्या विकणाऱ्याची खरी विक्री मार्च ते मे. पाना-पानांची वेबसाइट मोठी नसते. फार तर वीस पानं. इथे पूर्ण वर्षाचा ठेका म्हणजे पावसाळ्यातही पैसे भरत राहणं. पण एसईओला वेळ लागतो. बदल केल्यावर फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गुगलचंच मार्गदर्शन आहे. म्हणजे फेब्रुवारीत माणूस शोधून उपयोग नाही. गणपतीच्या आसपास एकदा सल्लागाराकडून तपासणी करून घ्या, दिवाळीपर्यंत दुरुस्त्या करा, डिसेंबर-जानेवारीत मजकूर पूर्ण करा : बागेचे फोटो, पेटीत किती डझन, पिकवण्याची पद्धत, जीआयची अधिकृत नोंद असेल तर तिची माहिती, कोणत्या शहरात किती दिवसांत पोचतं. या धंद्याला मशवरा पुरतो.

दुसरा : उमराह आणि हज टूर्स. इथे स्पर्धा मोठी आहे, पॅकेजचे दर, तारखा आणि हॉटेलं सारखी बदलतात आणि ग्राहक आयुष्यभराची बचत हातात देतो. रमजान दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरमध्ये साधारण दहा-अकरा दिवस आधी येतो, म्हणजे मागच्या वर्षीच्या तारखा धरून केलेलं नियोजन चालत नाही. जुन्या तारखांची पानं काढणं, नवीन चढवणं, प्रश्नांची उत्तरं लिहिणं, हे काम सतत चालू राहतं. दोन माणसांच्या ऑफिसला ते झेपत नसेल तर पूर्ण ठेका योग्य. पण एक भाग एजन्सीवर सोडू नका. हजसाठी खासगी टूरवाल्यांना केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी लागते. तो नंबर, ऑफिसचा खरा पत्ता, पैसे परत करण्याचे नियम, हॉटेल हरमपासून खरोखर किती लांब आहे, हे सगळं मालकाने स्वतः तपासूनच वेबसाइटवर जाऊ द्यावं. ‘हरमपासून पाच मिनिटं’ हे वाक्य एजन्सीतला मुलगा सहज लिहून टाकेल. मक्केत वयस्कर खालाजानला चालत जावं लागेल तेव्हा जाब तुम्हालाच विचारला जाईल.

तिसरा : ऑनलाइन दुकान. अत्तर, हिजाब, अबाया, सुका मेवा, किताबं. पाचशे-हजार वस्तू, प्रत्येकीचं वेगळं पान, माल संपला की काय करायचं, एकाच अबायाच्या सहा रंगांची सहा पानं ठेवायची की एक. इथे तांत्रिक गुंता असतो. स्वतःचा वेबसाइट सांभाळणारा डेव्हलपर असेल तर अनुभवी सल्लागार आणि तो डेव्हलपर, ही जोडी चांगली चालते. तो नसेल तर नुसता मशवरा हवेत राहतो.

दापोली किंवा श्रीवर्धनकडे होमस्टे चालवणारा, मिरा रोडचा दंतवैद्य, मालेगावचा कापडवाला, प्रत्येकाने हेच तीन प्रश्न स्वतःला विचारावे : वेबसाइट किती मोठी आहे? ती किती वेळा बदलते? बदलणारे हात घरात आहेत का?

मधला रस्ता

दोन्हींपैकी एकच निवडायला पाहिजे असं नाही. बऱ्याच घरच्या धंद्यांना तिसराच रस्ता परवडतो. आधी सल्लागाराकडून तपासणी, मग पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी एजन्सीकडून तांत्रिक दुरुस्त्या, आणि त्यानंतर मजकूर व रिव्ह्यूचं काम घरात. किंवा एजन्सी चालू ठेवायची, पण सहा महिन्यांतून एकदा बाहेरच्या सल्लागाराला पैसे देऊन तिचं काम तपासून घ्यायचं. घर बांधताना ठेकेदार एक आणि इंजिनियर दुसरा ठेवतो तसंच हे.

एक वेळ मात्र अशी आहे की तेव्हा मशवरा घ्यायलाच हवा : नवीन वेबसाइट बनवण्याच्या किंवा जुनी बदलण्याच्या आधी. जुन्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्यावरून नव्याकडे जाण्याची व्यवस्था केली नाही, तर वर्षानुवर्षं कमावलेली जागा काही दिवसांत जाऊ शकते. बनवून झाल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा आधी विचारलेलं स्वस्त पडतं.

चाव्या तुमच्याकडेच राहिल्या पाहिजेत

ठेका असो की मशवरा, सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. एजन्सी म्हणते, ‘टेन्शन घेऊ नका, डोमेन आम्हीच घेतो, सगळं आम्हीच बघतो.’ दोन वर्षांनी बिनसलं की कळतं, वेबसाइटचं नावच त्यांच्या खात्यात आहे. दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर, डिलिव्हरीच्या पिशव्यांवर छापलेलं नाव दुसऱ्याच्या ताब्यात. म्हणून पुढच्या गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा.

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर नोंदलेलं असावं. नूतनीकरणाची तारीख घरातल्या दोघांना माहीत असावी.

होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडे असावा आणि वेबसाइटची एक प्रत अधूनमधून तुमच्याकडे उतरवून ठेवावी.

सर्च कन्सोल हे गुगलचं फुकट साधन आहे. कोणत्या शब्दांवर तुमची वेबसाइट दिसली, किती जणांनी क्लिक केलं, हे त्यात १६ महिन्यांपर्यंत दिसतं. यात मालक तुम्ही व्हा आणि एजन्सीला वापरकर्ता म्हणून जोडा. सल्लागाराला तर नुसतं बघण्याची परवानगी पुरते.

बिझनेस प्रोफाइलमध्ये मुख्य मालक तुम्ही, एजन्सी फक्त मॅनेजर. मॅपवर तुमचाच फोन नंबर असावा. काही जण कॉल मोजण्यासाठी स्वतःचा नंबर टाकतात. ठेका संपला की तो नंबर जातो आणि त्याबरोबर ग्राहकही.

वेबसाइटच्या फॉर्ममध्ये आलेले ग्राहकांचे नाव-नंबर ही तुमच्याकडची अमानत आहे. ती कोण बघतो आणि ठेका संपल्यावर तिचं काय होतं, हे विचारा.

ज्या एजन्सीला या गोष्टी तुमच्या नावावर ठेवायला अडचण वाटते, तिच्याशी बोलणी तिथेच थांबवा.

करार लिहून घ्या

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तरीही आपल्यात ‘ओळखीचा आहे, जमातीतला आहे, कागद कशाला’ असं म्हणून तोंडी काम चालतं. ओळखीच्या माणसाबरोबर तर कागद जास्तच हवा, कारण तिथे पैशाबरोबर नातंही तुटतं.

फिकहमध्ये मजुरी देऊन काम करून घेण्याला इजारा म्हणतात. त्यात काम किंवा मुदत आणि मोबदला, दोन्ही आधी ठरलेलं असावं. महिन्याचा ठेका आणि तासावर घेतलेला मशवरा, दोन्ही याच चौकटीत समजता येतात. पण ‘एसईओ सर्व्हिस, एक महिना’ एवढंच लिहिलेलं बिल म्हणजे काम ठरलेलं नाही. मोघमपणा, म्हणजे गरर, तिथूनच सुरू होतो. करारात निदान एवढं असावं : महिन्याला कोणती कामं आणि किती, मजकूर कोण लिहिणार आणि कोण तपासणार, अहवाल कधी येणार, लिहिलेला मजकूर आणि फोटो कुणाच्या मालकीचे, किती दिवसांची नोटीस देऊन थांबता येतं, आणि थांबल्यावर किती दिवसांत सगळे ताबे परत मिळतात.

काही जण म्हणतात, ‘पहिल्या नंबरवर आलो तरच पैसे द्या.’ ऐकायला हे इन्साफचं वाटतं. पण यात एक मेख असते. कोणी शोधतच नाही असा लांबलचक शब्द निवडायचा, त्यावर पहिला नंबर सहज येतो, आणि फोन एकही येत नाही. निकालावर मोबदला ठरवण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये जुआला म्हणतात आणि त्याबाबत मजहबांमध्ये मतभेद आहेत. तसा करार करायचा असेल तर मसअला आपल्या आलिमसाहेबांकडून समजून घ्यावा. आणि पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगलनेच स्पष्ट सांगितलेलं आहे. जो हमी देतो, त्याच्यापासून सावध राहा.

चुकीचं काम एजन्सीचं, सजा तुमच्या वेबसाइटला

अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकान-साखळीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांची वेबसाइट कपड्यांपासून चादरींपर्यंत असंख्य शब्दांवर गुगलमध्ये वर दिसायची. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की धंद्याशी काहीही संबंध नसलेल्या ढीगभर वेबसाइटवर त्यांच्या नावाच्या लिंक पेरलेल्या आहेत. कंपनीने सांगितलं, आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि एसईओ करणाऱ्या फर्मला काढून टाकलं. पण गुगलने खाली ढकलली ती जे. सी. पेनीची वेबसाइट. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन वेबसाइटलाही गुगलने यादीतून काही काळ काढलं होतं, कारण गुगलला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवलं जात होतं. एवढ्या मोठ्या कंपन्या सावरल्या. चिपळूणचं किंवा खेडचं एखादं दुकान सावरायला किती दिवस लागतील?

म्हणून तीन गोष्टींना साफ नकार द्या. एक, विकत घेतलेल्या लिंक. ‘महिन्याला पाचशे बॅकलिंक’ असं पॅकेज दिसलं की समजून जा. दोन, मशीनने घाऊक बनवलेली पानं. एआयची मदत घेणं गुगलला चालतं, पण फक्त वर दिसण्यासाठी ढिगाने पानं तयार करणं मार्च २०२४ च्या नियमांनुसार स्पॅम ठरतं. तीन, खोटे रिव्ह्यू. पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू लिहून घेणंही गुगलला चालत नाही.

आपल्यासाठी तर हा फक्त गुगलच्या नियमाचा मामला नाही. घ्यायचं नसताना खोटी बोली लावून किंमत चढवणं, म्हणजे नजश, याला हदीसमध्ये मनाई आहे. जेवण न चाखताच पाच तारे देणारा रिव्ह्यूवाला त्याच्या फार लांब नाही. ‘सगळेच करतात’ म्हणून एजन्सी जे करते त्याचे पैसे तुम्ही देता, तेव्हा ते तुमच्याच नावाने होतं. रोजी हलाल आणि तिची जाहिरात खोटी, असं चालणार नाही.

पहिल्या भेटीत काय विचारावं

ठेकेदार असो की सल्लागार, हे प्रश्न सरळ विचारा. आमची वेबसाइट बघून पहिल्या तीन अडचणी कोणत्या वाटतात? ज्याने वेबसाइट उघडूनही पाहिलेली नाही, तो उत्तर देऊ शकणार नाही. आमच्यासारख्या कोणत्या धंद्याचं काम केलं, त्यांच्याशी बोलू शकतो का? काम तुम्ही स्वतः करणार की दुसऱ्याला देणार? लिंक कशा मिळवता? आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानाचंही काम घेता का?

सल्लागाराला आणखी एक विचारा : तुम्ही ज्या एजन्सीचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव सुचवता, त्यांच्याकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? ज्याला मशवरा विचारला त्याच्यावर अमानतीची जबाबदारी असते, ही हदीसची शिकवण आहे. कमिशन लपवून दिलेला मशवरा त्या अमानतीत बसत नाही.

आणि तुम्हीही तुमच्याकडून साफ राहा. काम झालं की पैसे वेळेवर द्या. फोटो, दर, माहिती वेळेवर पाठवा. एजन्सीने तीन वेळा मागूनही मेन्यू कार्ड मिळालं नाही, तर वेबसाइट पुढे कशी जाणार?

काम चाललंय हे कसं ओळखावं

अहवालात रंगीत आलेख खूप असतात. त्यात दोन गोष्टी वेगळ्या करून मागा. लोकांनी तुमच्या दुकानाचं नाव टाकून शोधलं ते किती, आणि नाव माहीत नसताना ‘मुंब्रा कॅटरिंग’ किंवा ‘हापूस आंबा घरपोच’ असं शोधून आले ते किती. स्वतःच्या नावावर पहिला नंबर बहुतेकांना तसाही मिळतो. त्याचं श्रेय एजन्सीला देऊ नका. वाढ दुसऱ्या आकड्यात दिसली पाहिजे.

गुगलवर आता बऱ्याच प्रश्नांना वरच एआयने लिहिलेलं उत्तर दिसतं. ही सोय भारतात ऑगस्ट २०२४ पासून वाढली. त्यामुळे क्लिक कमी होऊनही विचारणा तेवढीच राहू शकते. शेवटी मोजायचं ते फोन, व्हॉट्सअॅपवरच्या चौकश्या आणि ऑर्डर. गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा, ‘आमचा पत्ता कुठून मिळाला?’ तारीख टाकून लिहा. तीन महिन्यांनी ती वही आणि एजन्सीचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिल्या दोन महिन्यांत फोन वाढले नाहीत म्हणून घाबरू नका. पण दोन महिन्यांत ठरलेली कामं झाली की नाही, हे तपासता येतंच. चार महिन्यांनी काही शब्दांवर तरी हालचाल दिसावी. वर्ष होऊनही वहीत काही फरक नसेल, तर सलाम करून थांबा.

आजपासून काय करावं

आज संध्याकाळी घरात बसून चार गोष्टी करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते तपासा. बिझनेस प्रोफाइलचा मालक कोण ते बघा. सर्च कन्सोल सुरू नसेल तर सुरू करा. आणि आठवड्याला आठ तास कोण देऊ शकतं, हे नाव घेऊन ठरवा. नाव निघालं, तर चांगला सल्लागार शोधा. नाव निघालं नाही आणि धंद्याला लांबचे ग्राहक खरंच हवे असतील, तर एजन्सी शोधा, सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांचाच करार करा, आणि चाव्या स्वतःकडे ठेवा. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या रोजीत बरकत देवो.